मी स्वतः दिलं

“विचारतील तेवढंच सांग, मार्था. जास्त इंग्रजी बोलायला जाऊ नकोस, अडकशील. मी आहे ना तिथे,” चिरमुले डॉक्टर म्हणाले.

आम्ही दोघं हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, ऑफिसच्या दाराबाहेर उभे होतो. आतल्या एसीनं माझे दात वाजत होते आणि काचेबाहेर रस्ते, गाड्या, खजुराची झाडं सगळं उन्हात पांढरं पडलं होतं. दाराआड चौकशी समिती बसली होती. आठवड्यापूर्वी माझ्या वॉर्डातली एक म्हातारी बाई इंजेक्शननंतर गेली होती आणि ते इंजेक्शन मी दिलं होतं.

“सर, तुम्ही सांगाल ना त्यांना सगळं?”

“सांगीन की. घाबरतेस काय अशी?” त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. “ही चघळ. घसा कोरडा पडलाय तुझा.”

मी गोळी तोंडात टाकली. देवानं परदेशात आपलं माणूस दिलंय, असं तेव्हा खरोखर वाटलं मला.

मी जालन्याची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, तिथेच कामाला लागले. माझा नवरा डॅनियल एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आमची सलोमी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी आखातात नर्सेस हव्यात म्हणून एक एजंट औरंगाबादला मुलाखती घ्यायला आला. मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून गेले आणि निवड माझीच झाली. डॅनियल म्हणाला, जा, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, सलोमीला मी बघतो. त्या काळी फोन परवडायचा नाही. तो कॅसेटवर बोलून पाठवायचा. कॅसेटच्या शेवटी सलोमी गाणं म्हणायची आणि मधेच “आई, तू ऐकतीयेस का?” असं विचारायची.

हॉस्पिटलात नर्सेस बहुतेक केरळच्या, काही फिलिपिन्सच्या. मराठी बोलणारी मी एकटी. आणि सर्जन चिरमुले डॉक्टर. पुण्याचे, पन्नाशीचे, स्वभावानं गमत्ये. पहिल्या आठवड्यातच माझ्या बिल्ल्यावरचं साळवे हे आडनाव वाचून ते थांबले. “मराठी का?” म्हणाले. किती दिवसांनी कुणीतरी मराठीत बोललं होतं. मला रडूच आलं. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं आणि मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे जायला लागले. वृंदावहिनी भाताला साजूक तूप वाढायच्या. मी भाकरी थापून द्यायचे, कारण वहिनींना भाकरी जमायची नाही.

माझ्या इंग्रजीचा त्या घरात तमाशाच होता. मला वाचता यायचं, औषधांची नावं पाठ होती, पण बोलायला तोंड उघडलं की मराठीच इंग्रजी कपडे घालून बाहेर यायची. एकदा मेसमध्ये नर्सिंगच्या मुख्य बाई, मिसेस हॉल, मला ताटांकडे हात करून “हेल्प युवरसेल्फ” म्हणाल्या. मला वाटलं, बाई रागावल्या. तुझं तू बघ, मी मदत करणार नाही, असं सांगताहेत. मी न जेवताच ड्यूटीवर गेले. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“अगं वेडे, हवं ते वाढून घे म्हणाली ती!”

मग जेवण होईपर्यंत त्यांनी शिकवणीच घेतली. इंग्रजीत माणूस स्वतःला कापतो, स्वतःला भाजतो, स्वतःला लागून घेतो. आपल्याकडे नुसतं कापतं, भाजतं, लागतं. त्याच दिवशी वहिनींचं बोट तव्याला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, “बघ, तुझी वहिनी काय म्हणेल? आय बर्न्ट मायसेल्फ.”

“पण वहिनींनी मुद्दाम थोडंच भाजून घेतलंय?” मी म्हणाले.

“तेच तर! इंग्रजीत मुद्दाम असो नसो, सेल्फ लावायचं.”

“विचित्रच भाषा आहे बाई,” वहिनी बोटाला तूप लावत म्हणाल्या.

त्या दिवशी मी रव्याचे लाडू करून नेले होते. डब्याचं झाकण उघडून मी ऐटीत म्हणाले, “सर, आय मेड. बाय मायसेल्फ.” डॉक्टर तोंडात लाडू घोळवत माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, बरोबर बोलले. तेव्हापासून ते दोन शब्द माझे आवडते झाले. माझ्या हातांनी केलेलं काही असलं की मी म्हणायचे, बाय मायसेल्फ.

ती म्हातारी बाई म्हणजे उम्म सईद. सईदची आई, तिकडे बायकांना मुलाच्या नावानं हाक मारतात. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, चिरमुले डॉक्टरांनीच ऑपरेशन केलं होतं. बारीक, सुरकुतलेली बाई. मी अंग पुसायला गेले की माझ्या बांगड्या हातात धरून बघायची आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. तिला फार दुखायचं. मुलगा सईद मोठ्या घरचा, मोठ्या आवाजाचा. आईनं कण्हलं की तो डॉक्टरांच्या केबिनचं दार वाजवायचा.

त्या दुपारी तिला पेथिडीनचं, दुखणं थांबवायचं, इंजेक्शन देऊन फार वेळ झाला नव्हता. ती अर्धवट गुंगीत होती, पण कण्हत होती. मी तिचा श्वास मोजला. सावकाश होता; पेथिडीननं श्वास मंदावतो. बाहेर सईदचा आवाज चढलेला ऐकू येत होता. तेवढ्यात चिरमुले डॉक्टर आत आले. त्यांना कुठेतरी जायची घाई होती, गाडीची किल्ली हातातच होती.

“मार्था, हिला अजून एक दे. पूर्ण डोस.”

“सर, आत्ताच दिलंय. आणि श्वास सावकाश आहे हिचा.”

“अगं, कण्हतीये बघ केवढी. तिचा तो मुलगा माझा जीव खातोय. दे.”

“मग चार्टवर लिहून देता, सर?”

ते दारापर्यंत गेले होते, तिथून वळून हसले. “संध्याकाळच्या राऊंडला लिहितो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

हे सगळं आम्ही मराठीत बोललो. खाटेच्या पलीकडे लूझ उभी होती. फिलिपिन्सची पोरगी, नुकतीच कामाला लागलेली. औषधाच्या कपाटाच्या रजिस्टरवर दोन सह्या लागतात, म्हणून दुसरी सही तिनं केली. सिरिंजही तीच भरणार होती, पण ती नवखी, म्हणून मी म्हणाले, थांब, मी स्वतः देते. चार्टवर डॉक्टरांच्या सहीची जागा मी कोरी सोडली.

दिवस मावळायच्या आत उम्म सईदचे ओठ निळे पडले. मी आरडाओरडा केला, ड्यूटीवरचे डॉक्टर धावत आले, उतारा दिला, छाती दाबली. सगळं झालं. ती परत आली नाही. चिरमुले डॉक्टर आले तेव्हा चादर ओढलेली होती. त्यांनी चार्ट उघडून पाहिला, बराच वेळ पाहिला आणि तसाच मिटला.

“सर, सही,” मी म्हणाले.

“आत्ता नको,” ते म्हणाले. “आत्ता लिहिलं तर मागाहून लिहिल्यासारखं दिसेल. मी बोलतो त्यांच्याशी.”

तर असे आम्ही त्या दाराबाहेर उभे होतो. मग आत बोलावलं.

लांब टेबलाच्या मागे हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट डॉ. फहमी होते, त्यांच्या शेजारी मिसेस हॉल. एका बाजूला आमच्या वॉर्डच्या इनचार्ज, एलियाम्मा सिस्टर. भिंतीजवळ लूझ बसली होती, रडून रडून नाक लाल झालेली. चिरमुले डॉक्टर पेशंटचे सर्जन म्हणून डॉ. फहमींच्या जवळच्या खुर्चीत बसले.

मिसेस हॉलनी विचारलं, इंजेक्शन कुणी दिलं. तेवढं मला कळलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी रजिस्टर पुढे ओढून दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं आणि लूझकडे पाहिलं. लूझ खुर्चीत आणखीच आक्रसली. मला एवढंच दिसलं, की आता ही पोर यात अडकणार.

मी उठूनच उभी राहिले. “नो मॅडम! लूझ नॉट गेव्ह. आय गेव्ह. बाय मायसेल्फ.”

मिसेस हॉलचं पेन थांबलं. “बाय युवरसेल्फ?”

“येस मॅडम,” मी छातीवर हात ठेवून म्हणाले. “बाय मायसेल्फ.”

मिसेस हॉलनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, मग चिरमुले डॉक्टरांकडे वळून भराभर काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला ‘लँग्वेज’ हा एक शब्द कळला. म्हणजे आता मराठीत विचारणार. मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “मार्थाबाई,” ते म्हणाले. एरवी ते मला अगं-तुगं करायचे. चार लोकांत त्यांनी मान दिला म्हणून मला बरं वाटलं. “मार्थाबाई, या विचारताहेत, की ते इंजेक्शन तुम्ही स्वतः दिलंत का?”

“हो सर. मी स्वतः दिलं. लूझनं हातसुद्धा लावला नाही.”

“नक्की?”

“देवाशपथ, सर.”

ते टेबलाकडे वळले. त्यांचं इंग्रजी मिसेस हॉलसारखं भरभर नसायचं, सावकाश, स्वच्छ असायचं. मला जवळजवळ सगळं कळलं. शी गेव्ह इट बाय हरसेल्फ. नोबडी एल्स वॉज इन्व्हॉल्व्ह्ड. माझाच शब्द त्यांनी वापरला, म्हणजे मी बरोबर बोलले होते. आणि दुसरं कुणी त्यात नव्हतं, म्हणजे लूझ सुटली. मी मान डोलावली. दोनदा डोलावली. मिसेस हॉलनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांच्या मागे धावले. “सर, थँक्यू. तुम्ही होतात म्हणून.”

ते थांबले नाहीत. “जा, आराम कर,” म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत एलियाम्मा सिस्टर आल्या. वयानं मोठ्या, कडक. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. त्यांनी दार लावलं आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

“तू त्या डॉक्टरला का वाचवतेयस?” त्यांनी विचारलं.

“मी? मी तर लूझला वाचवलं.”

“चार्ट कोरा आहे. पण मी तुला ओळखते. ऑर्डर नसताना तू पाण्याचा थेंब देणार नाहीस. मग एकटीनं दिलं असं का सांगितलंस?”

“एकटीनं कधी म्हणाले मी? मी म्हणाले, स्वतः दिलं.”

“तू बाय मायसेल्फ म्हणालीस.”

“हो. बाय मायसेल्फ. स्वतः.”

एलियाम्मा सिस्टरनी कपाळावर हात मारला. “अगं मोळे, पोरी, नुसतं मायसेल्फ म्हटलं तर स्वतः. पुढे बाय लावलंस की एकटीनं. कुणाच्या मदतीवाचून. त्यात कोरा चार्ट समोर. त्या लोकांनी काय धरलं माहितेय? हिनं आपल्या मनानंच दिलं.”

तरीही मला वाटलं, ही चूक भाषेची आहे, दुरुस्त होईल. “पण डॉक्टरांनी मला मराठीत विचारलं ना,” मी म्हणाले. “त्यांना तर माहीत आहे.”

“काय विचारलं त्यानं?”

“तू स्वतः दिलंस का, असं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्या म्हणाल्या, “मिसेस हॉलनी ते विचारायला सांगितलंच नव्हतं. मी ऐकत होते. त्या म्हणाल्या, ही काय बोलतेय हे हिलाच कळत नसावं. हिच्या भाषेत विचारा, इंजेक्शन द्यायला हिला कुणी सांगितलं होतं का?”

ती पेपरमिंटची गोळी, ते ‘मार्थाबाई’, ते ‘नक्की?’, सगळं एकावर एक येऊन पडलं. लूझनं हात लावला नाही, हे माझं वाक्य. आणि दुसरं कुणी त्यात नव्हतं, हे त्यांचं. त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून तो माणूस बाहेर निघून गेला होता, आणि मी मान डोलावून त्याला वाट दिली होती.

मी तशीच युनिफॉर्मवर त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. घरात कांदाभज्यांचा वास होता. डॉक्टर टीव्हीसमोर बसले होते. मला बघून त्यांनी आवाज बंद केला.

“बस, मार्था.”

“मी बसत नाही, सर. त्यांनी वेगळं विचारायला सांगितलं होतं.”

“कोण म्हणालं?”

“कुणीही म्हणू दे. खरं आहे का?”

टीव्हीवर आवाजाविना कुणीतरी बोलत होतं, त्याच्याकडे बघत ते म्हणाले, “मी तुझ्या तोंडी एक तरी खोटा शब्द घातला का? तू म्हणालीस बाय मायसेल्फ. मी म्हणालो बाय हरसेल्फ.”

“तुम्हाला माझं इंग्रजी माहीत होतं, सर. या घरात, याच टेबलावर. मी लाडू आणले तेव्हाही मी तसंच म्हणाले होते. तुम्हाला माहीत होतं मी काय म्हणतेय ते.”

“हो,” ते म्हणाले. “माहीत होतं.”

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

“ऐक,” ते उठून जवळ आले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “माझी मुलगी तिकडे पुण्यात मेडिकलला आहे. माझ्यावर हे आलं तर माझं सगळं संपेल, इथलं आणि तिथलंही. तुला काय, परत पाठवतील. तू जालन्याला जाशील, मिशनमध्ये लागशील पुन्हा. तुझं माणूस आहे तिथे, पोर आहे. तुला परत जायला जागा आहे, मार्था.”

“ती बाई मेलीय, सर.”

“मी दिलं नाही तिला. तू दिलंस.”

मी वहिनींकडे वळले. त्या स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, आणि या शहरात आम्ही काय बोललो हे समजणारं तेवढं एकच माणूस होतं. “वहिनी, तुम्ही तरी,” मी म्हणाले.

“मला यातलं काही कळत नाही गं,” वहिनी म्हणाल्या. झाऱ्यातून तेलाचे थेंब फरशीवर पडत होते. त्या वाकून ते पुसायला लागल्या आणि मी बाहेर पडेपर्यंत पुसतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी एलियाम्मा सिस्टर मला मिसेस हॉलकडे घेऊन गेल्या. त्यांनी माझ्या वतीनं सगळं सांगितलं. मिसेस हॉलनी शांतपणे ऐकलं आणि लूझला बोलावलं.

लूझ खरं तेच बोलली. डॉक्टर आले होते, दोघं आपल्या भाषेत बोलले, काय बोलले ते मला माहीत नाही. डॉक्टर हसत होते. एवढंच तिला आठवत होतं. मी तिच्याकडे पाहत होते. ती ढसाढसा रडत “सॉरी, सिस्टर” म्हणाली. तिचा काय दोष?

मग मिसेस हॉल माझ्याशी बोलल्या, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. तुमच्यावर विश्वास ठेवावासा मला वाटतो. पण तुम्ही माझ्यासमोर तेच सांगितलंत, मग तुमच्या भाषेत तेच सांगितलंत, आणि डॉक्टरांनी ते सांगितल्यावर मान हलवलीत. आज बदलता आहात. मी कुठल्या आधारावर दुसरं लिहू?

“मॅडम, ही आस्क राँग क्वेश्चन,” मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. त्या खोलीत काय विचारलं गेलं हे मराठीत ऐकणारे दोघंच होते. त्यातली एक मी.

सईदच्या तक्रारीवरून पोलीस दुपारी आले. बायकांच्या कोठडीत मला ठेवलं, खटला उभा राहीपर्यंत. तिथल्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. भिंती चुन्यानं रंगवलेल्या होत्या. श्रीलंकेच्या, इथिओपियाच्या बायका होत्या, कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. एक इथिओपियाची मुलगी माझे केस विंचरून द्यायची. डॅनियलच्या कॅसेट एलियाम्मा सिस्टर आणून द्यायच्या, पण ऐकायला टेपरेकॉर्डर नव्हता. मी कॅसेट हातात धरून बसायचे.

मग एके दिवशी मला सांगितलं, सईदनं तक्रार मागे घेतली. आईचं आयुष्य तेवढंच होतं, देवाची मर्जी, असं त्यानं लिहून दिलं म्हणे. माझी तिथली नोंदणी रद्द झाली आणि मला विमानात बसवून दिलं. चिरमुले डॉक्टर तोवर दुसऱ्या हॉस्पिटलात मोठ्या जागेवर गेले होते, असं एलियाम्मा सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मला निरोप देताना मिठी मारली.

जालन्याला मी पोचले तेव्हा माझ्याआधी बातमी पोचली होती. औरंगाबादच्या एजंटनं चर्चमध्ये कुणाला तरी सांगितलं होतं. मिशनच्या दवाखान्यात मला चहा पाजला, तब्येत विचारली, आणि सध्या जागा नाही म्हणाले. सलोमी मोठी झाली होती. माझ्याजवळ यायला लाजत होती. पण डॅनियल होता. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. वर्कशॉपमधून आला की हातपाय धुऊन माझ्याशेजारी बसायचा, मी जेवले का ते बघायचा. मी मनाशी ठरवलं होतं, या एका माणसाला सगळं सांगायचं. मराठीत. इथे तरी मधे कुणी नाही.

एका संध्याकाळी सलोमी अंगणात खेळत होती, तेव्हा मी सांगायला घेतलं. इंजेक्शनपासून दारातल्या त्या झाऱ्यापर्यंत सगळं. तो मन लावून ऐकत होता.

“म्हणजे तू काय सांगितलंस त्यांना?” त्यानं विचारलं.

“मी म्हणाले, मी स्वतः दिलं.”

“आणि दिलं तूच होतंस?”

“हो.”

“मग तो डॉक्टर काय म्हणाला?”

“हिनं स्वतः दिलं, असं म्हणाला.”

डॅनियल पुढचं ऐकायला थांबला. मग त्यानं हळूच विचारलं, “मग तो खोटं काय बोलला?”

“अरे, इंग्रजीत त्याचा अर्थ तसा होत नाही. एकटीनं दिलं असा होतो.”

“दिलंस तर एकटीनंच ना? सुई काय दोघं मिळून टोचतात?”

“तसं नाही. त्यानंच मला द्यायला सांगितलं होतं!”

“मग हे तू तिथे का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलंच नाही,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच मला ऐकू आलं, ते किती खोटं वाटतं. शाळेत उशिरा आलेल्या पोरीनं सबब सांगावी तसं. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागले. बाय लावलं तर असं, नाही लावलं तर तसं. जितकं समजावू तितकं ते हातातून निसटत होतं. डॅनियलच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. कीव होती. त्यानं माझा हात हातात घेतला आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून ठेवला.

“जाऊ दे, मार्था,” तो म्हणाला. “किती त्रास करून घेशील? माणसाच्या हातून होतं. मी तुला कधी काही बोललो का? बोलणारही नाही.”

त्यानंतर हे मी कुणाला सांगितलं नाही.

दिवेलागणीला आमच्याकडे घरची प्रार्थना असते. सलोमी पाय धुऊन आली आणि आम्हा दोघांच्या मधे बसली. डॅनियलनं डोळे मिटले. त्यानं अन्नाबद्दल आभार मानले, घराबद्दल मानले, मला सुखरूप परत आणलं म्हणून मानले.

“हे प्रभू,” तो म्हणाला, “हिच्या हातून परमुलखात जे घडलं, त्याची हिला क्षमा कर. हिच्या मनावरचं ओझं काढून घे.”

“आमेन,” सलोमी म्हणाली.

डॅनियल डोळे मिटूनच थांबला होता, माझ्यासाठी.

“आमेन,” मी म्हणाले.